बॅन्फ ते असिनिबॉइन : आर्थर व्हीलर यांची पायवाट



उन्हाळा तोंडावर आला की आपल्या मंडळातल्या गप्पांचा एक विषय ठरलेला असतो. यंदा रॉकीजमध्ये कुठे जायचं? बॅन्फ, लेक लुईस, कोलंबिया आइसफील्ड हे सगळं भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवून दाखवून आपल्याला तोंडपाठ झालेलं असतं. मग कुणीतरी माउंट असिनिबॉइनचं नाव काढतं. तिथे गाडीरस्ता नाही. चालत जायचं, सोबत हवा तर गाईड घ्यायचा, आणि रात्री लाकडी लॉजमध्ये किंवा साध्या खोल्यांत मुक्काम करायचा. (हेलिकॉप्टरही जातं, पण ते आम्ही जमेस धरत नाही!)

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जुन्या जहागिरींच्या वाड्यांमधून मुक्काम करत गाईडबरोबर चालायच्या सहली निघतात, त्यांच्या जाहिराती आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. कॅनडाच्या डोंगरांत तसे जुने वाडे नाहीत. पण त्याच धर्तीची सहल इथे १९२० सालीच सुरू झाली होती, आणि ती सुरू करणारे गृहस्थ स्वतः एका जहागिरीत जन्मलेले होते. आर्थर ऑलिव्हर व्हीलर हे त्यांचं नाव. कॅनडात गिर्यारोहण करणाऱ्यांना हे नाव परिचित आहे, आपल्या लोकांना फारसं नाही. खरं तर या घराण्याचा भारताशीही जवळचा संबंध आहे. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून द्यायचं आम्ही ठरवलं.

व्हीलर यांचा जन्म १ मे १८६० चा. (महाराष्ट्र दिनाच्या बरोबर १०० वर्षं आधी, असं म्हटलं की आपल्याला लक्षात ठेवायला सोपं!) आयर्लंडमधल्या किल्केनी शहराजवळ 'द रॉक्स' नावाची त्यांच्या घराण्याची जहागीर होती. मोठं घर, जमीन, कुळं, नोकरचाकर, मुलाला चांगल्या शाळेत पाठवायची ऐपत. पण त्या काळात आयर्लंडमधल्या जमीनदारांचे दिवस फिरत चालले होते. व्हीलर कुटुंबाचीही परिस्थिती खालावली आणि १८७६ साली ते सगळे कॅनडात आले. ऑन्टारिओमध्ये ह्युरॉन सरोवराच्या काठावरच्या कॉलिंगवूड या छोट्या बंदराच्या गावी त्यांनी बिऱ्हाड केलं. आर्थर तेव्हा १६ वर्षांचे होते.

आपल्याकडे कोकणातल्या खोतांची किंवा देशावरच्या इनामदारांची मुलं जशी घरची जमीन सुटल्यावर मुंबईत कारकुनीला लागली, तसंच हे. जहागीरदाराचा मुलगा एका सर्व्हेयरच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. साखळ्या ओढायच्या, खुंट्या ठोकायच्या, उन्हाळ्यात डास आणि हिवाळ्यात बर्फ सोसायचं. होडी वल्हवणं, बर्फावर चालायचे जाळीचे जोडे वापरणं, पाठीवर ओझं घेऊन जंगल तुडवणं हे सगळं ते याच काळात शिकले. १८८१ साली ते ऑन्टारिओचे आणि पुढच्याच वर्षी केंद्र सरकारचे परवानाधारक सर्व्हेयर झाले. म्हणजे नव्या देशात येऊन सहा वर्षांत 'लायसन्स' हातात! आपल्यातले जे सिव्हिल इंजिनिअर इथे येऊन पुन्हा परीक्षा देत बसतात, त्यांना या वेगाचा हेवा वाटेल. अर्थात तेव्हा सर्व्हेयरांची गरजही तशीच होती. देश नुकताच समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरला होता, पॅसिफिक रेल्वेचं काम चालू होतं, आणि मधल्या सगळ्या मुलखाचे नकाशेच नव्हते.

१८८५ साली प्रेअरीमध्ये लुई रिएलच्या नेतृत्वाखाली मेटी लोकांनी उठाव केला, तेव्हा सर्व्हेयरांची एक तुकडी सैन्याबरोबर गेली. व्हीलर त्या तुकडीत होते आणि बतोशच्या लढाईत जखमीही झाले. ज्या जमिनीची मोजणी करून चौकोनी तुकडे पाडले जात होते, ती हातची जाईल ही मेटींची भीती या उठावाच्या मुळाशी होती. मोजणीची साखळी दिसायला निरुपद्रवी असते, पण तिच्यामागून काय येतं हे ज्यांच्या जमिनीवरून ती फिरते त्यांना बरोबर कळतं. व्हीलर यांचं सगळं आयुष्य ही साखळी हातात धरणाऱ्यांच्या बाजूला गेलं, हे विसरून त्यांची गोष्ट सांगता येणार नाही.

त्याच सुमाराला त्यांना एदुआर देव्हिल हे वरिष्ठ लाभले. देव्हिल मूळचे फ्रान्सचे. कॅनडाचे सर्व्हेयर जनरल म्हणून त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न होता. सपाट प्रेअरी साखळीने मोजता येते, रॉकीज कशा मोजणार? तिथे उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा, त्यातही ढग आणि वणव्यांचा धूर. त्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे फोटोंवरून नकाशा. कॅमेरा आणि थिओडोलाइट घेऊन एका शिखरावर चढायचं. कॅमेरा अगदी लेव्हलमध्ये लावायचा आणि चारी दिशांचे फोटो काचेच्या प्लेटांवर घ्यायचे. मग दुसऱ्या, तिसऱ्या शिखरावर जाऊन पुन्हा तेच करायचं. हिवाळ्यात ऑफिसात बसून प्रत्येक फोटोतून एकाच टोकाकडे जाणाऱ्या रेषा कागदावर काढायच्या. त्या जिथे छेदतात ते त्या टोकाचं ठिकाण, आणि मग भूमितीने उंची. कॉलेजात सर्व्हे कॅम्पला थिओडोलाइटशी झटापट केलेल्या सिव्हिलवाल्यांना यातली गंमत लगेच समजेल. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर डेटा उन्हाळ्यात गोळा करायचा आणि प्रोसेसिंग हिवाळ्यात. फरक इतकाच, की एक प्लेट फुटली तर बॅकअप म्हणून पुन्हा शिखर चढायचं.

१८८८ साली व्हीलर यांचं लग्न क्लारा मॅकून यांच्याशी झालं. सासरे जॉन मॅकून हे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ, पश्चिम कॅनडा पायाखाली घातलेले. १८९० साली मुलगा झाला, त्याचं नाव आजोबांवरून एडवर्ड ऑलिव्हर ठेवलं. हा मुलगा लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

नोकरीतली बरीच वर्षं गेल्यावर, १९०१ आणि १९०२ च्या उन्हाळ्यांत व्हीलर यांना सेलकर्क पर्वतरांगेचं काम मिळालं. रॉजर्स पासच्या आसपासचा हा भाग. (व्हँकूवरला गाडीने जाताना आपण तिथे कॉफी प्यायला थांबतो.) रेल्वे कंपनीने तिथल्या आपल्या हॉटेलात स्वित्झर्लंडहून आणलेले गाईड १८९९ पासून ठेवले होते. त्यांच्या संगतीत व्हीलर खऱ्या अर्थाने गिर्यारोहण शिकले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती! सर्व्हेचं काम संपलं, १९०५ साली सेलकर्कवर त्यांचं पुस्तकही निघालं, पण डोंगर काही डोक्यातून गेले नाहीत.

त्या वेळी एक गोष्ट त्यांना खटकत होती. कॅनडाच्या डोंगरांत चढाई करणारे बहुतेक लोक अमेरिकन, इंग्रज नाहीतर युरोपियन होते. स्वतः कॅनडातली माणसं मात्र तिकडे फिरकत नव्हती. व्हीलर यांनी क्लब काढायचे प्रयत्न केले, प्रतिसाद मिळेना, तेव्हा निदान अमेरिकन क्लबची शाखा तरी काढू या असा त्यांनी विचार केला. विनिपेगमधल्या एका वर्तमानपत्रात काम करणाऱ्या एलिझाबेथ पार्कर या बाईंना हे मुळीच रुचलं नाही. कॅनडाचे डोंगर आणि क्लब अमेरिकेचा, हे कसं चालेल, म्हणून त्यांनी व्हीलर यांना चांगलंच झोडपलं. व्हीलर रागीट म्हणून प्रसिद्ध होते, पण इथे त्यांनी शहाणपणा केला. त्याच बाईंची मदत मागितली. पार्करबाईंनी वर्तमानपत्रातून मोहीम चालवली आणि मार्च १९०६ मध्ये विनिपेगला अल्पाइन क्लब ऑफ कॅनडाची स्थापना झाली. व्हीलर अध्यक्ष, पार्करबाई सचिव. डोंगरातल्या क्लबाचा जन्म सपाट प्रेअरीत झाला. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा जन्मही कुठल्या सह्याद्रीत झाला नव्हता, तेव्हा आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही.

या क्लबाची खासियत म्हणजे पहिल्या दिवसापासून बायकांना बरोबरीचं सभासदत्व होतं. लंडनच्या मूळ अल्पाइन क्लबाने बायकांना घ्यायला १९७० चं दशक उजाडावं लागलं! जुलै १९०६ मध्ये योहो पासला पहिला कॅम्प भरला. शंभरावर माणसं होती आणि त्यात शिक्षिका, कारकून, पाद्री, प्राध्यापक असे साधे नोकरदार बरेच. पक्कं सभासद व्हायचं तर १०,००० फुटांवरचं एक शिखर चढून दाखवायचं ही अट होती. आणि बायकांना ताकीद होती की स्कर्ट घालून दोरावर येता येणार नाही. १९०६ साली! ज्या बाईंना घराबाहेर पँट घालणं अशक्य होतं, त्यांना डोंगरात तसं आल्याशिवाय प्रवेशच नाही. बाकी व्हीलर काही पुरोगामी वगैरे नव्हते, शिस्तीचे मात्र होते, आणि दोराला लिंगभेद कळत नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढची २० वर्षं त्यांनी क्लब जवळजवळ एकहाती चालवला. दर उन्हाळ्यात नव्या ठिकाणी कॅम्प, तंबू, घोडे, स्वयंपाकी, रेल्वेची सवलत, वार्षिक अंकाचं संपादन. मंडळाचं काम केलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. आणि एकहाती चालवणाऱ्या माणसाबरोबर काम करणं किती अवघड असतं हेही! १९०९ साली क्लबाने कॉनरॅड केन नावाचा ऑस्ट्रियन गाईड आणला. पुढे तो कॅनडातल्या सर्वांत नावाजलेल्या गाईडांपैकी एक झाला. १९११ साली व्हीलर माउंट रॉब्सनच्या परिसरात सर्व्हे करत होते, तेव्हा शिखरं चढायला आलेल्या या माणसाला ओझी वाहणं आणि कॅम्पची कामं करणं पुरे झालं. एक दिवस तो एकटाच निघून माउंट व्हाइटहॉर्न चढून आला. लोकांचा विश्वास बसेना. दोन वर्षांनी शिखरावर त्याची खूण सापडली तेव्हा शंका मिटली. त्याच वर्षी, १९१३ मध्ये, क्लबाच्या कॅम्पमधून केनने दोन सभासदांना घेऊन कॅनडाच्या रॉकीजमधलं सर्वांत उंच शिखर रॉब्सन सर केलं.

१९१३ पासूनच व्हीलर यांच्याकडे आयुष्यातलं सर्वांत मोठं सरकारी काम आलं : अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया यांची सीमा आखणं. पाणलोटाची रेषा धरून सीमा जाते. एका बाजूचं पाणी पॅसिफिकला, दुसऱ्या बाजूचं हडसन उपसागराकडे किंवा आर्क्टिककडे. ती रेषा डोंगरमाथ्यावरून शेकडो किलोमीटर शोधत जायची. १९२५ पर्यंत हे काम चाललं. याच कामात शेकडो नावंही नकाशावर बसली. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच सेनापतींची नावं शिखरांना दिली गेली, जॉफ्र, फॉश, पेतँ वगैरे. स्टोनी नाकोडा आणि कूटेनाई लोकांची तिथे आधीपासून नावं आणि वाटा होत्या, त्यांचा विचार झाला नाही. त्याच काळात स्टोनी लोकांना बॅन्फच्या उद्यानात शिकारीलाही बंदी होती. पेतँ पुढे नाझींना सामील झाला आणि त्याचं नाव त्या शिखरावर जवळजवळ एक शतक राहिलं. ब्रिटिश कोलंबियाने ते अधिकृतपणे काढलं ते २०२२ साली.

आता मूळ विषयाकडे येऊ. सीमेच्या कामात व्हीलर असिनिबॉइनच्या परिसरात फिरले. हे शिखर ३,६१८ मीटर उंच, एखाद्या दगडी पिरॅमिडसारखं, पायथ्याशी मॅगॉग तलाव. (असिनिबॉइन या नावाचा अर्थ दगडांनी स्वयंपाक करणारे लोक. तापवलेले दगड पाण्यात टाकून ते अन्न शिजवत, म्हणून शेजाऱ्यांनी दिलेलं नाव.) बॅन्फहून तिथे जायचं तर तेव्हा घोडेवाल्यांना गाठावं लागे. स्वारीचे घोडे, सामानाचे घोडे, गाईड, स्वयंपाकी असा लवाजमा घेऊन कित्येक दिवसांची सहल. हे श्रीमंत अमेरिकन पाहुण्यांना परवडायचं. विनिपेगच्या शाळेतल्या बाईंना दोन आठवड्यांच्या सुट्टीत आणि त्यांच्या पगारात हे कसं जमणार?

व्हीलर यांनी १९२० साली याचं उत्तर काढलं. एकेका दिवसाच्या चालीवर कायमचे कॅम्प उभारायचे. तंबू, पांघरूण, जेवण तिथे तयार. आलेल्या माणसाने आपलं किरकोळ सामान घ्यायचं आणि गाईडबरोबर एका कॅम्पवरून दुसऱ्या कॅम्पवर चालत जायचं. ज्याला चालवत नसेल त्याच्यासाठी घोडा. स्प्रे नदीचं खोरं, ब्रायंट क्रीक, वंडर पास, की समोर असिनिबॉइन! आपल्यातल्या ज्यांनी कॉलेजात असताना यूथ होस्टेलचे हिमालयातले ट्रेक केले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. तीच पद्धत : ठरलेले कॅम्प, रोज एक तुकडी पुढे सरकणार, जेवण आणि ब्लँकेट वाट पाहत असणार. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय पोरांनी या पद्धतीमुळेच हिमालय पाहिला. नाहीतर खेचरं आणि शेर्पा घेऊन जायची आपली कुठे ऐपत होती?

म्हणून आम्हाला व्हीलर यांच्या सगळ्या उद्योगांत हा सर्वांत मोलाचा वाटतो. शिखरं आज ना उद्या कुणीतरी मोजलीच असती. पण जो माणूस मोठ्या घरात, नोकरांच्या हाताखाली वाढला आणि मग स्वतः ओझी वाहायला शिकला, त्याने साठाव्या वर्षी पगारदार लोकांसाठी अशी वाट बांधावी, याला निव्वळ धंदा म्हणता येत नाही. धंदा म्हणून तर ते जमलंच नाही. हंगाम छोटा, पावसाचे दिवस जास्त, आणि इतके कॅम्प, माणसं, घोडे सांभाळायचा खर्च मोठा. तरी त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या आणि क्लबाच्या खटपटीमुळे १९२२ साली असिनिबॉइनला प्रांतिक उद्यानाचा दर्जा मिळाला. १९२३ मध्ये क्लारा गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी क्लबाच्या कामात बरोबर असलेल्या एमेलीन साव्हातार यांच्याशी लग्न केलं. १९२५ मध्ये मॅगॉग तलावाजवळ सहलीच्या पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधल्या. १९२६ मध्ये क्लबाच्या संचालकपदावरून ते उतरले आणि मानद अध्यक्ष झाले. ते दशक संपायच्या आतच सहलीही बंद पडल्या. १९२८ साली रेल्वे कंपनीने जवळच मोठा लॉज बांधला, तो आजही चालू आहे. स्प्रे नदीच्या खोऱ्यातली त्यांची जुनी वाट काही ठिकाणी पुढे धरणाच्या पाण्याखाली गेली. कोयना किंवा पानशेतच्या पाण्याखालच्या वाटा आठवणाऱ्यांना हेही ओळखीचं वाटेल.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हीलर यांचा क्लब कॅनडाच्या लोकांना डोंगर खुले करत होता, त्याच वर्षांत आपल्यासाठी देशाचा दरवाजा बंद होत होता. १९०८ साली नियम झाला की आपल्या देशातून थेट, न थांबता प्रवास करून आलेल्यालाच कॅनडात उतरू द्यायचं. भारतातून तशी बोटच नव्हती. १९१४ च्या उन्हाळ्यात कोमागाता मारू बोट ३७६ भारतीयांना घेऊन व्हँकूवरच्या बंदरात दोन महिने अडकून पडली आणि बहुतेक सगळ्यांना परत पाठवलं. तो व्हीलर यांच्या सीमा-सर्व्हेचा दुसरा उन्हाळा. त्या बोटीवरच्या माणसांसाठी हे डोंगर क्षितिजावरसुद्धा नव्हते. आणि याच्या अगदी उलट, व्हीलर यांचा मुलगा भारतात गेला!

एडवर्ड ऑलिव्हर लहानपणापासून वडिलांबरोबर डोंगरांत वाढला. किंग्स्टनच्या मिलिटरी कॉलेजातून तो रॉयल इंजिनिअर्समध्ये गेला, पहिलं महायुद्ध लढला आणि मग सर्व्हे ऑफ इंडियामध्ये दाखल झाला. १९२१ साली एव्हरेस्टची पहिली टेहळणी मोहीम निघाली, मॅलरीची ती प्रसिद्ध मोहीम. तिच्यात हा कॅनडियन होता, आणि वडिलांनी रॉकीजमध्ये वापरलेली फोटोंवरून नकाशा काढायची पद्धत घेऊन तो एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला आठवडेच्या आठवडे ढग सरकायची वाट पाहत बसत होता. एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीकडे नेणारी पूर्व रोंगबुक हिमनदी त्याच्या नकाशातून पुढे आली. मॅलरीला ती वाट लक्षात आली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो सर्व्हेयर जनरल ऑफ इंडिया झाला, 'सर' ही झाला.

ज्या संस्थेचा तो प्रमुख झाला, तिच्या त्रिकोणमितीय सर्व्हेची सुरुवात विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासला केली. हा लॅम्ब्टन काम करता करताच १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, तिथेच त्याची कबर आहे. आमच्यापैकी विदर्भातली मंडळी हिंगणघाटवरून शेकडो वेळा गेली असतील, पण ती कबर पाहिलेलं अजून कुणी भेटलं नाही.

आर्थर व्हीलर यांची शेवटची वर्षं बॅन्फमध्ये गेली. २० मार्च १९४५ रोजी ते वारले. मुलगा तेव्हा भारतातच होता. त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच रॉजर्स पासजवळ क्लबाने लाकडी हट बांधली, तिला त्यांचं नाव दिलं. सेलकर्कमध्ये माउंट व्हीलर आहेच. लेक ओहाराजवळची हट एलिझाबेथ पार्कर यांच्या नावाची आहे. दोघांचं भांडण ज्या क्लबावरून सुरू झालं, तो अजून जोरात चालतो आणि आता त्याच्या कॅम्पच्या याद्यांमध्ये पटेल, सिंग आणि कुलकर्णीसुद्धा असतात.

व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या काचेच्या प्लेटा सरकारी दफ्तरात जपल्या आहेत. या पिढीच्या सर्व्हेयरांच्या अशा एक लाखाहून जास्त प्लेटा आहेत. व्हिक्टोरिया विद्यापीठातले लोक गेली पंचवीसेक वर्षं त्या प्लेटा हातात घेऊन त्याच शिखरांवर, त्याच जागी कॅमेरा लावून पुन्हा फोटो काढतात. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला की जंगल किती वर चढलं आणि हिमनद्या किती मागे गेल्या ते उघड्या डोळ्यांना दिसतं. नकाशासाठी काढलेले फोटो असे उपयोगी पडतील, हे व्हीलर यांच्या स्वप्नातही आलं नसेल. तरी हिमनदीपुढे खुणा रोवून ती दरवर्षी किती सरकते हे मोजायचा नाद त्यांना होताच.

असो. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. १९२५ साली व्हीलर यांनी बांधलेल्या त्या खोल्या अजून आहेत. त्यांना 'नाइझेट हट्स' म्हणतात. स्लीपिंग बॅग, खाणं आपलं आपण न्यायचं. आगाऊ बुकिंग लागतं आणि ते फार लवकर भरतं. वाटा मुख्यतः दोन आहेत. एक सनशाइनवरून सिटाडेल पास ओलांडून, साधारण २७ किलोमीटर. दुसरी माउंट शार्कपासून ब्रायंट क्रीकने, तेवढ्याच अंतराची. पुढे असिनिबॉइन पास किंवा वंडर पास. आमच्या चार कुटुंबांचा अनुभव असा की जाताना सिटाडेल आणि येताना वंडर पास हे उत्तम, मात्र दोन्ही टोकांना गाडी ठेवायची व्यवस्था आधी करावी. लहान मुलं असतील तर एका दिवसात पूर्ण अंतर तोडायच्या फंदात पडू नये, मध्ये तंबूचा मुक्काम धरावा. अस्वलांसाठी स्प्रे सोबत हवाच. जुलैच्या सुरुवातीपर्यंत वरच्या खिंडींत बर्फ असू शकतो. आणि मेथीचे ठेपले चौथ्या दिवसापर्यंत टिकतात, पुरणपोळ्या टिकत नाहीत.